अंगठा नेमका कशाला?

मित्राने पोस्ट टाकली, 'आज पहाटे बाबा गेले.' खाली अंगठ्यांची ही रांग! अहो, काय आवडलं तुम्हाला? माहीत आहे, म्हणायचं असतं 'वाचलं, वाईट वाटलं'. पण बटणावर तसं लिहिलेलं नसतं ना! मीही दहा मिनिटं बोट अधांतरी धरून बसलो आणि शेवटी दाबला तोच अंगठा. न दाबावा तर 'बघूनही काही बोलला नाही' हा ठपका.

फेसबुकने २००९ मध्ये लाइक आणलं. २०१६ मध्ये बदाम आला, हसरा, रडका, संतापलेला असे चेहरेही आले. झालं का काम? छे! कुणी अन्यायाची बातमी शेअर करतो, खाली लालबुंद तोंडं. राग अन्याय करणाऱ्यावर, की शेअर करणाऱ्यावर? आणि गंभीर लिहिलेल्यावर कुणी खदाखदा हसणारा चेहरा चिकटवला, तर तो चुकून की मुद्दाम, हे विचारायचीही सोय नाही. (विचारलं की, 'एवढं काय मनाला लावून घेतोस!')

ट्विटरने २०१५ मध्ये चांदणी काढून बदाम बसवला. चांदणी निदान खूण म्हणून तरी खपायची. २०१८ मध्ये बुकमार्क येईपर्यंत, नंतर सावकाश वाचू म्हणून विरोधकाची पोस्ट बाजूला ठेवायची, तर तिथेही बदाम!

काल साहेबांना ग्रुपवर कळवलं, 'ताप आहे, उद्या येत नाही.' उत्तर आलं: अंगठा. म्हणजे रजा मंजूर, की ताप आवडला?