कुलूप लावणारी माय कसाई नाही

आमच्या यवतमाळकडच्या गावांत बचत गटांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारखं खाणाऱ्या जाड पोरांना 'जनुकाचा आजार' सांगून डॉक्टर लुटतात, असं त्यात म्हटलंय. मुद्दे पाच: पोटात जंत असतात, गरोदरपणी आईनं वाट्टेल ते खाल्लं म्हणून असं होतं, पोराला एकदा मन भरेपर्यंत खाऊ द्या, वखवख आपोआप जाते, अन्नाला कुलूप लावणारी माय कसाई, आणि जगात यावर औषधच नाही, मग तपासण्या कशाला? माझ्या मावसबहिणीला हा मेसेज तिच्या चुलत सासऱ्यांनीच, म्हणजे आमच्या काकाजींनीच, पाठवला. तिच्या मुलाला प्रेडर-विली सिंड्रोम आहे, म्हणजे पोट भरल्याचं कळूच न देणारा जन्मजात जनुकाचा आजार. ती दिवसभर रडली, म्हणून हे लिहितोय.

जंतांनी पोरं वाळतात, फुगत नाहीत. शाळेत-अंगणवाडीत जंताची गोळी देतातच. पुढे.

आईच्या खाण्याचा इथे काडीचाही संबंध नाही. हा आजार 1956 साली झुरिकच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडला. पंधराव्या गुणसूत्राच्या एका भागातली, बापाकडून यायची जनुकं मुलात नसतात किंवा बंद असतात. बहुतेक वेळा हे निव्वळ योगायोगानं घडतं. तेव्हा बापालाही बोल लावू नका. आणि काकाजी, हेच पोरगं तान्हं असताना कापसाच्या पेळूसारखं लुळं पडलेलं होतं, अंगावरचं दूध ओढायची ताकद त्याच्यात नव्हती, हे तुम्ही स्वतः पाहिलंय. या आजाराची सुरुवात अशीच होते. भूक नंतर सुटते.

आता तिसरा मुद्दा. 'मन भरेपर्यंत खाऊ द्या' हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. या मुलांचं मन भरतच नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये नीट पोचत नाही. आपल्याला जास्त झालं की मळमळतं, उलटी होते, पोट दुखतं. या मुलांना उलटी सहसा होत नाही आणि दुखणंही कमी जाणवतं. म्हणजे थांबवणारं आतून काहीच नाही. जठर ताणत जातं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, कधी ते फाटतं. प्रेडर-विलीच्या रुग्णांच्या मृत्यूंवर अमेरिकेत 2007 साली छापलेल्या अभ्यासात जठर असं फाटून गेलेली माणसं आहेत. हनुमान जयंतीच्या महाप्रसादात "घे बापू, अजून दोन पुऱ्या" म्हणत याच्या पत्रावळीत वाढणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं. एका पंगतीतही जीव जाऊ शकतो.

म्हणूनच कुलूप. या आजाराची थोडीफार माहिती असलेला कोणताही डॉक्टर पहिल्यांदा हेच सांगतो: अन्न नजरेआड आणि कुलपात ठेवा, जेवणाच्या वेळा पक्क्या ठेवा, मधे कोणी काही देऊ नका. या मुलांच्या शरीराला उष्मांकही इतर पोरांपेक्षा कमी लागतात, त्यामुळे शेजारच्या पोराएवढीच भाकर खाऊनही वजन चढतं. पुढचं जेवण कधी आणि किती हे ठरलेलं असलं की पोरगंही शांत राहतं. माझी बहीण स्वयंपाकघराची किल्ली कमरेला लावून झोपते, आणि गाव तिला कसाई म्हणतं!

औषधाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं मानतो. हा आजार मुळापासून बरा करणारं औषध आजही नाही. तालुक्याच्या गावी कित्येक डॉक्टरांना याचं नावही ठाऊक नसतं, टॉनिक लिहून मोकळे होतात, तोही राग खरा. पण म्हणून तपासणी बिनकामाची कशी? रक्ताची मिथायलेशन तपासणी, म्हणजे ती जनुकं चालू आहेत की बंद हे पाहणारी, 99 टक्क्यांहून जास्त रुग्ण पकडते. लवकर कळलं तर ग्रोथ हार्मोन देता येतं, त्यानं उंची वाढते, स्नायूंना बळ येतं. ते महाग आहे, पण केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात प्रेडर-विलीसाठीचं ग्रोथ हार्मोन नमूद आहे. अनावर भुकेवरचं पहिलं औषध, डायझॉक्साइड कोलिन, अमेरिकेत मार्च 2025 मध्ये मंजूर झालं. ते भूक आटोक्यात ठेवायला आहे, आजार घालवायला नाही.

तुमच्या गावात कुणाचं बाळ लुळं असेल, दूध ओढत नसेल, तर आशाताईंना सांगा आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या. आणि काकाजी, तो मेसेज ज्या-ज्या ग्रुपवर टाकलाय तिथून आजच काढा.