यातलं खरं किती टक्के?

काल पुस्तक प्रदर्शनात एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं चारचौघांत माझी चूक काढली आणि वर पुस्तक विकतही घेतलं नाही. मला दुसऱ्या गोष्टीचा राग जास्त आलाय.

मी मुलांसाठीच्या विज्ञानकथा आणि फँटसी संपादित करतो. म्हणजे राक्षसाला पान १२ वर डावा डोळाच नाही आणि पान ८० वर तो डावा डोळा मिचकावतो, असलं काहीतरी पकडत बसणं हे माझं काम. हे काम आहे हे कुणालाच पटत नाही ती गोष्ट वेगळी. 'मुलांचं तर आहे' हे वाक्य लेखक म्हणतात, चित्रकार म्हणतात, प्रेसवाले म्हणतात आणि पैसे द्यायची वेळ आली की सगळे एका सुरात म्हणतात.

तर नवं पुस्तक मंगळावरच्या वस्तीत राहणाऱ्या पोरांचं होतं. मुलगी आली, तिनं ते उचललं आणि तिथंच उभ्याउभ्या वाचायला लागली. सोबत आजोबा. त्यांना वाचायचं नव्हतं, चौकशी करायची होती.

"हे खरं आहे का?"

"नाही, विज्ञान कादंबरी आहे."

"विज्ञान म्हणजे खरं ना?"

"विज्ञान खरं, गोष्ट काल्पनिक."

"मग खरं किती टक्के?"

मी हसलो. ते नाही हसले. डबाबंद खाऊच्या मागे साखर किती, मीठ किती ते छापलेलं असतं तसं काहीतरी शोधत त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं (खरं तर मुलीच्या हातातलंच, ती त्याच्याबरोबर मान फिरवत वाचत राहिली).

"असे टक्के काढलेले नसतात हो."

"अंदाजे सांगा की. पन्नास धरू?"

आणि मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी म्हणालो, "साठ."

"साठ." त्यांनी मान डोलावली, शेजारचं ड्रॅगनचं पुस्तक उचललं. "आणि ह्याच्यात? शून्य?"

इथं मात्र माझी सटकली, कारण त्या ड्रॅगनवर मी चार महिने घातलेत. पहिल्या खर्ड्यात तो एका दमात तीन डोंगर ओलांडायचा आणि पुढच्याच प्रकरणात ओढा ओलांडायला पूल शोधत हिंडायचा. लेखकाला विचारलं तर म्हणे, जादू आहे ना. अहो, जादू आहे म्हणूनच तर नियम लागतो! दगड खाली पडतो हे कुणी सांगावं लागत नाही, ते पोरांना माहीत असतं, पण ड्रॅगनला काय जमतं आणि काय नाही हे आपणच सांगायचं असतं आणि एकदा सांगितलं की मग पुस्तक संपेपर्यंत पाळायचं असतं. शेवटी पंख ओले झाले की उडता येत नाही असा नियम घातला आणि त्यासाठी पावसाचं एक अख्खं प्रकरण लिहून घेतलं. लेखक अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

"ह्याच्यात वीस टक्के," मी म्हणालो.

"ते कुठले?"

"ओढा खरा आहे."

आजोबा यावर गंभीरपणे विचार करत होते तेवढ्यात आवाज आला, "काका, हे चुकलंय."

पान ४७. 'पूर्वेला फोबोस नुकताच उगवला होता.'

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मंगळाला स्वतःभोवती फिरायला २४ तास ३७ मिनिटं लागतात आणि फोबोस हा त्याचा आतला चंद्र ७ तास ३९ मिनिटांत अख्खी फेरी मारून मोकळा होतो. तो मंगळाच्याही पुढे धावतो, त्यामुळे तिथं उभं राहून बघणाऱ्याला तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. लेखिकेनं पश्चिमच लिहिलं होतं. तिनं हे सगळं समजावणारं चार पानांचं परिशिष्टही दिलं होतं, पण पुस्तक झालं ११६ पानांचं आणि फर्मा, म्हणजे एकदम छापून दुमडायचा मोठा ताव, असतो सोळा पानांचा. सात फर्म्यांत ११२ बसतात. चार पानांसाठी आठवा फर्मा घ्यायचा आणि बारा पानं कोरी सोडायची म्हटल्यावर वरून निरोप आला, परिशिष्ट काढा, मुलांचं तर आहे. मग प्रूफवाल्या सरांना कळणार कसं? त्यांनी पान ४७ वर लाल शाईनं 'पश्चिमेला'वर काट मारून 'पूर्वेला' केलं आणि समासात लिहिलं, 'चंद्र पूर्वेस उगवतो. मुलांचे पुस्तक आहे, लक्ष असू द्यावे.' आणि ते शेवटचं प्रूफ रात्री एक वाजता पास कुणी केलं? जाऊ दे.

स्विफ्टनं गलिव्हरच्या सफरींत १७२६ साली बिनधास्त लिहून टाकलंय की मंगळाला दोन चंद्र आहेत. दुर्बिणीतून ते दिसले १८७७ मध्ये, असाफ हॉल या खगोलशास्त्रज्ञाला. स्विफ्टचा आतला चंद्र दहा तासांत फेरी मारतो, म्हणजे आकडा चुकलाच, पण हिशेबाला बसलात तर तोसुद्धा पश्चिमेलाच उगवतो. तीनशे वर्षांपूर्वी थापा मारणाऱ्या माणसाला जे जमलं ते आम्हाला तीन प्रुफं काढून जमू नये?

"आणि पान ९१ वर पश्चिमेला उगवलाय," मुलगी म्हणाली. तिथं सरांची नजर चुकली होती. "मग मधल्या चव्वेचाळीस पानांत मंगळ उलटा फिरायला लागला का?"

"म्हणजे आता साठातले किती कमी करायचे?" आजोबांनी विचारलं.

मी तिलाच म्हणालो, पुढचं पुस्तक छापायच्या आधी तू वाचशील का? हे काही उपकार म्हणून नव्हतं हं. टॉल्किनच्या 'द हॉबिट' या फँटसीचं हस्तलिखित १९३६ साली प्रकाशकानं आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनर अन्विनला, वाचायला दिलं होतं आणि त्याच्या अभिप्रायाचा एक शिलिंग मोजला होता. पोरानं लिहिलं, नकाशे असले की चित्रांची गरज नाही, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा, त्यामुळे आपण त्यातले नाही हेही कळवून टाकलं! दुसऱ्या वर्षी पुस्तक आलं. हे सगळं मी रंगवून सांगितलं, मुलीचे डोळे चमकले.

आजोबांना नेमका शिलिंग ऐकू आला.

"तुम्ही किती देता?"

आणि देवाशप्पथ, माझ्या तोंडून गेलं, "अहो, मुलांचं तर आहे..."

आजोबांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं, गठ्ठ्यावर ठेवलं, कडा नीट जुळवल्या. "चल गं."

ती जाता जाता वळली. "काका, पान ९१ बरोबर आहे पण."