‘फ्री अप स्पेस’ दाबायच्या आधी बॅकअपचा दर्जा बघा

लग्नसराई आली की "जागा भरी गयी रे भो" म्हणत जळगाव-धुळ्यात जो तो गूगल फोटोजमधलं ‘फ्री अप स्पेस’ दाबून मोकळा होतो. पुढे अल्बम करायची वेळ आली, फोटो फुटलेले दिसले, की बोल क्लाउडला, म्हणजे गूगलच्या नेटवरच्या साठ्याला. क्लाउड फोनातल्या फोटोला हात लावत नाही हो. तो वर एक प्रत नेतो. ती प्रत केवढी ठेवायची हे तुमच्या सेटिंगवर ठरतं, आणि फोनातला मूळ फोटो पुसतो तो आपणच, त्या एका बटणाने.

सेटिंग कुठे आहे? फोटोज अ‍ॅप उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या खात्याच्या चित्रावर दाबा. मग फोटोज सेटिंग्ज, बॅकअप, बॅकअप क्वालिटी. ‘ओरिजिनल’मध्ये फोटो जसाच्या तसा वर जातो. ‘स्टोरेज सेव्हर’ फोटो दाबतो, म्हणजे फाइल लहान करतो, आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर १६ वर आणतो, व्हिडिओ १०८० पी वर. ‘एक्स्प्रेस’ फोटो थेट ३ मेगापिक्सेल करतो, व्हिडिओ ४८० पी. हे सेटिंग प्रत्येक फोनचं वेगळं असतं, म्हणून फोन बदलला की परत तपासा.

स्टोरेज सेव्हरला लोक उगाच घाबरतात. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो काढतो. तो १६ च्या आतच असल्याने आकार तोच राहतो, फक्त दाबला जातो. मुद्दाम ५० च्या मोडवर काढलेला फोटो मात्र नक्की लहान होतो.

खरा घात एक्स्प्रेस करतो. ३ मेगापिक्सेल म्हणजे साधारण २०४८ बाय १५३६. वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोत एका रांगेत १५ माणसं धरा. माणशी १३५ पिक्सेल आले, त्यातला चेहरा जेमतेम ४५ पिक्सेलचा. झूम केलं की मामा कोण आणि फुवा कोण कळायचं नाही. तोच फोटो १६ मेगापिक्सेलचा असेल तर चेहऱ्याला शंभरेक पिक्सेल मिळतात. जुन्या खरेदीखताचं ए-फोर पान अख्ख्या फ्रेममध्ये बसवून काढलं तरी एक्स्प्रेसमध्ये इंचाला १७५ च्या आसपास बिंदू उरतात. स्कॅनिंगला ३०० धरतात. अक्षर वाचता येईल, फिकट शिक्क्याची खात्री नाही. डेटा वाचवायला एक्स्प्रेस लावलं असेल तर आजच काढा.

एकदा दाबून गेलेली प्रत नंतर ‘ओरिजिनल’ निवडल्याने सुधारत नाही. म्हणून जागा मोकळी करण्याआधी दोन-चार फोटो उघडून वर सरकवा. खाली तपशिलात मेगापिक्सेल, आकार आणि बॅकअप कोणत्या दर्जात झाला ते दिसतं. कॉम्प्युटरवरच्या गूगल फोटोजमध्ये ‘रिकव्हर स्टोरेज’ असतं, त्याच्यापासून जास्तच जपा. ते आधी ओरिजिनलमध्ये ठेवलेलेही फोटो दाबून टाकतं आणि ते परत फिरवता येत नाही.

मग सगळंच ओरिजिनल ठेवायचं का? फुकटची जागा १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपसोबत वाटून. १ जून २०२१ च्या आधी दाबलेले फोटो मोजणीत नव्हते, ती चैन संपली. हळदीचा नाच फोर-के मध्ये काढला तर मिनिटाला सहज ३०० ते ३५० एमबी जातात, म्हणजे पाऊण तासात सगळं खातं भरलं. माझ्या मते रोजच्या फोटोंना स्टोरेज सेव्हर पुरतो. कानबाईच्या उत्सवाचे, लग्नाचे, कागदपत्रांचे निवडक मूळ फोटो मात्र पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हमध्ये फाइल म्हणून वेगळे ठेवा, आणि फोर-के तिथे लावा जिथे खरंच टीव्हीवर बघणार आहात.

आयफोनची गोष्ट निराळी. तिथे ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ लावलं तर फोनात लहान प्रत राहते आणि मूळ फोटो आयक्लाउडवर पूर्ण दर्जाचाच असतो. नेट नसताना धूसर दिसला म्हणून घाबरू नका. फुकट जागा मात्र ५ जीबीच.

आणि पुष्कळदा ज्या फोटोचं खापर क्लाउडवर फुटतं तो मुळात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असतो. साध्या पाठवण्यात लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. केळीच्या पानावर करपा रोगाच्या सुरुवातीच्या रेघा मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या असतात. दाबताना पहिल्यांदा असलाच बारीक तपशील जातो, पिवळट डाग तेवढा उरतो. कृषी केंद्रवाला त्यावरून काय सांगणार? पान जवळून, सावलीत काढा आणि क्लिपच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपचं ‘एचडी’ साध्यापेक्षा बरं, पण तेही दाबतंच. फ्लेक्सवाल्यालाही फोटो डॉक्युमेंट म्हणूनच द्या. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर तेही फाइलबरोबर जातं, तेव्हा अनोळखी माणसाला पाठवायच्या फोटोंसाठी ते आधी बंद करून ठेवा.