शेपटीचं तोरण

बेळगावच्या खडेबाजारातल्या पेंटरमामांना दुकानाच्या इंग्रजी पाटीसाठी कागदावर ठळक लिहून दिलं होतं: 'लेडीज टेलर' (Ladies' Tailor), अपॉस्ट्रॉफी, म्हणजे ती वरची शेपटी, एसच्या नंतर. मामांनी ती उचलून एसच्या आधी चिकटवली. "तिथंच बरं दिसतंय की वो, सर!" शोभेचं तोरण आहे का ते? आता शेपटीआधी उरलेली ही 'Ladie' नावाची बाई कुठल्या डिक्शनरीत राहते? शेजारी 'फर्निचर्स', पलीकडे 'फुटवेअर्स', जिथं एस लागतच नाही तिथं एस! 'मेन्स वेअर'मधलं मेन (Men) मुळातच अनेकवचनी, तिथं मात्र शेपटी एसच्या आधी हवी, तर नेमकी मागे! पाटीवर कन्नड नियमाप्रमाणे साठ टक्के भरलं का, मराठी किती इंच, सगळे पट्टी घेऊन हजर. बिचाऱ्या इंग्रजीला वाली कोण? उद्या वर्गात पोरं हीच पाटी दाखवून माझीच चूक काढणार.