‘लादी न फोडता चार दिवसांत नवं बाथरूम’ : कोकणात हा सल्ला खिशाला परवडत नाही

‘जुनं बाथरूम नवं करायला फोडाफोड लागत नाही. टाइलवरच टाइल चिकटवा, ओल आलेल्या भिंतीला पीव्हीसी पॅनेल लावा, स्टीलचे नळ ऑनलाइन मागवा, कमोड आहे तिथेच ठेवा. चार दिवसांत काम संपतं, गणपतीला घर तयार.’ हा सल्ला सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतोय. कोरड्या हवेच्या गावात यातलं बरंचसं चालूनही जाईल. पण रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाऱ्यात बारमाही खार असतो. इथे हा सल्ला ऐकून लोक गाठीचे पैसे घालवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी टाइलवर टाइल. आपल्याकडच्या जुन्या घरांत टाइलमागे बहुतेक जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे पाइप आहेत. ते आतून गंजून अरुंद होतात. नळाची धार बारीक होणं, सकाळचं पहिलं पाणी तांबूस येणं, ही त्याची खूण. त्यावर नवी टाइल चिकटवली आणि वर्षा-दोन वर्षांनी पाइप फुटला, तर एक सोडून दोन थर फोडावे लागतात. शिवाय नवी टाइल आणि अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा मसाला) मिळून जमीन 12 ते 15 मिलिमीटर वर येते. बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा जेमतेम इंचभर खाली असते. तो फरक निम्मा झाला की पाणी उंबऱ्याबाहेर येतं. जुना ढाल चुकलेला असेल तर तो तसाच राहतो. 8 फूट लांबीला सव्वा इंचाच्या आसपास उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे हवाच.

जमीन फोडण्याचं खरं कारण टाइलखाली आहे. ट्रॅपभोवतीची जागा आणि भिंत-जमिनीचे कोपरे इथूनच पाणी मुरतं. तिथे वॉटरप्रूफिंगचा थर द्या, ट्रॅपचं तोंड बंद करा आणि किमान 48 तास पाणी साठवून ठेवा. खाली खोली असेल तर स्लॅबला ओल येते का बघा, नसेल तर शेजारच्या भिंतीचा पाया आणि बाहेरून जोतं बघा. ही तपासणी झाल्याशिवाय गवंड्याला एकही लादी बसवू देऊ नका. टाइलवर टाइल चालते ती एवढ्याच ठिकाणी : ज्या भिंतीत पाइप नाही, नाण्याने ठोकून टाइल पोकळ वाजत नाही आणि ओल नाही. तिथेही अ‍ॅडहेसिव्हच वापरा, गुळगुळीत टाइलवर नुसतं सिमेंट धरत नाही.

पीव्हीसी पॅनेलबद्दल मला सर्वांत जास्त तक्रार आहे. जांभ्याचा चिरा पाणी पितो. पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची भिंत असेल तर झड तिच्यावरच बसते, म्हणजे ओल बाहेरून येते. आतून पॅनेल ठोकलं की ती फक्त दिसेनाशी होते. मागे बुरशी वाढते, लाकडी पट्ट्या कुजतात. त्याच पैशात बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा भरा आणि छज्जा नसेल तर पत्र्याची पडवी काढा.

नळांच्या बाबतीत ‘लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे अस्सल स्टील’ असंही सांगतात. ते चूक आहे. स्टीलच्या प्रतींना नंबर असतात; स्वस्तातलं 202 आणि चांगलं 304, दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. समुद्राच्या हवेत 202 लवकर डागाळतं. 316 त्यात जास्त टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, पण ते महाग. नळ आणि अँगल कॉक पितळेचे, क्रोम केलेले घ्या. टॉवेल रॉड, हुक चक्क एबीएस प्लास्टिकचे चालतात.

कमोड हलवू नये, हे मात्र बरोबर. त्याचा मोठा पाइप सरकवायचा म्हणजे जमीन, ढाल, बाहेरची चेंबर, सगळंच बदलतं.

काटकसर करायचीच तर भिंतीच्या टाइलमध्ये करा. 5 बाय 8 फुटांच्या बाथरूमला सगळीकडे 7 फूट उंच टाइल लावली तर दार वगळून 165 चौरस फूट लागते. आंघोळीच्या कोपऱ्यात 7 फूट आणि बाकी भिंतींना 4 फूट केली तर 127 चौरस फुटांत भागतं. प्लायवुडचं व्हॅनिटी (बेसिनखालचं कपाट) टाळा, इथे ते फुगतं. गिझरच्या लाइनला मात्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग घ्या. तिथे पैसे वाचवणं जिवावर बेतू शकतं.

राहिला चार दिवसांचा मुद्दा. 48 तास तर नुसती पाण्याची चाचणीच घेते. त्याआधी फोडणं, पाइप, थर वाळणं. नंतर टाइल आणि सांधे भरणं. आणि गणपतीच्या आधी म्हणजे ऐन पावसात. तेव्हा चिरा ओला, गिलावा वाळत नाही, ओल्या भिंतीवर मारलेलं कोटिंग पोपडे धरतं. गणपतीला मुंबईची माणसं येणार असतील तर आत्ता गळका कॉक आणि फुटकी ट्रॅपची जाळी बदलून घ्या. फोडायचं काम दिवाळीनंतर काढा आणि शिमग्याच्या आत संपवा, म्हणजे पुढच्या पावसाआधी भिंतींना वाळायला पुरेसं ऊन मिळेल.