वहीतले दोन रकाने

परवा सोयाबीनच्या सोंगणीचे, म्हणजे कापणीचे, पैसे वाटत होतो. ओट्यावर बसून, वहीत बघून. गड्याला 500, बाईला 300. हे दोन रकाने वडिलांनी आखलेले, मी फक्त आकडे वाढवत आलोय. एका मावशीनं नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि जाता जाता म्हणाली, "दादा, पातीला तर आमीच म्होरं व्हतो की."

मी ठरलेलं उत्तर दिलं. गडी भारे उचलतात, जड काम असतं. ती नुसती हसली.

ती का हसली ते मला रात्री कळलं. दिवाळी झाली की ती दरवर्षी ऊसतोडीला जाते. तिथं नवऱ्याबरोबर तोडते, मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. म्हणजे आमच्याच न्यायानं तिथं तिची मजुरी सवाई पाहिजे! तर तिथं तिला वेगळी मजुरीच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला; मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव बहुतेक नवऱ्याचं. खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, मात्र तिच्या दुखण्याचाही मोजतात. 2019 मध्ये खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढलेल्या बीडच्या बायकांच्या बातम्यांनी सगळे हादरले, सरकारनं समिती नेमली. खाड्याची भीती आम्हा बीडकरांना त्याआधीही ठाऊक होती.

समान वेतनाचा कायदा 1976 चा, आता तो वेतन संहितेत आलाय. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला बाई-पुरुषाला एकच दाम, असं तो म्हणतो. आम्ही शेतकरी त्यातून सहज निसटतो. खुरपणी, वेचणी बायकांची. फवारणी, पाणी धरणं गड्यांचं. काम वेगळं, मग दरही वेगळा, बोलायला जागाच नाही. पण सोंगणीला तर सगळे एकाच पातीत वाकलेले असतात. तिथं माझ्याकडं काय उत्तर आहे?

रोजगार हमीवर दोघांना दर एकच, आणि देशभरात त्या कामाचे निम्म्याहून जास्त मनुष्यदिवस बायकांचे भरतात. (शब्द बघा, मनुष्यदिवस.) माझी आजी 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तिला जड काम जमेल का, असं कुणी विचारल्याचं ऐकलं नाही.

हे पारावर बोललो तर चुलतभाऊ उखडला. "तू 500 दिलेस तर आम्ही कुठं जायचं? सोयाबीनचा हमीभाव काय आणि आडतीत किती मिळतोय, माहीत आहे ना?" माहीत आहे. परवडत नाही हे शंभर टक्के खरं. पण डिझेल महागलं तेव्हा ट्रॅक्टरवाल्याशी घासाघीस न करता पैसे मोजलेच की. परवडत नाही ते फक्त बाईच्या रकान्यात कसं येऊन बसतं, एवढंच मी विचारतोय.

काल दोन्ही रकान्यांमधली रेघ खोडली. हरभऱ्याच्या खुरपणीपासून दर एकच. मावशींना सांगायला वस्तीवर गेलो, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ऊसतोडीची टोळी पहाटेच गेली, आता उन्हाळ्यातच येतील.