दुखापतीची रजा कोणाला परवडते?

2025 च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोट्या खेळणार हे आधीच ठरले होते, आणि नेमक्या तो नसलेल्या दोन्ही कसोट्या भारताने जिंकल्या. तेव्हापासून आमच्या बीडकडच्या मंडळींत पेटलेला वाद अजून विझलेला नाही. पूर्वीचे गोलंदाज काय विश्रांती घेत होते का, आयपीएलच्या वेळी बरी याची पाठ दुखत नाही, असा एकूण सूर. त्याच वर्षी जुलैत आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अडथळ्यांच्या शर्यतीचा धावपटू अविनाश साबळे मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडला, गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटला, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. तेव्हा मात्र हीच मंडळी “पोरगं जिद्दीचं हाय, परत उठतंय बघा” म्हणत होती. एकाचे नखरे आणि दुसऱ्याची जिद्द, पण दोन्हीकडे चर्चा खेळाडूच्या स्वभावाचीच. बरे व्हायला जो वेळ लागतो तो कोण देतो आणि त्याचे पैसे कोण भरतो, हा प्रश्न कोणी काढत नाही.

मी जर्मनीत डॉर्टमुंडला राहतो. येथे दुखापत हा विषय निघाला की फुटबॉलपटू मार्को रॉयसचे नाव निघतेच. याच शहरात जन्मलेला हा खेळाडू 2014 च्या विश्वचषकाला संघ निघण्याच्या आदल्या दिवशी, आर्मेनियाविरुद्धच्या सरावाच्या सामन्यात घोटा दुखावून बसला; जर्मनीने विश्वचषक जिंकला आणि तो घरी राहिला. 2016 च्या युरो स्पर्धेतून जांघेच्या दुखण्यामुळे त्याला वगळल्याची घोषणा झाली ती त्याच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी. 2017 च्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात गुडघा गेला, 2022 चा विश्वचषक पुन्हा घोट्याने हिरावला. याला दुर्दैव म्हणून मोकळे होता येते; मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. गुडघ्याच्या दुखापतीनंतर सुमारे आठ महिन्यांनी, फेब्रुवारी 2018 मध्ये तो मैदानात परतला आणि पुढच्याच महिन्यात बोरुसिया डॉर्टमुंड या त्याच्या क्लबने त्याचा करार 2023 पर्यंत वाढवला. याच क्लबच्या सेबास्टियन हालेरचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. जुलै 2022 मध्ये डॉर्टमुंडशी करार होऊन पंधरवडाही उलटला नव्हता, तोच त्याला अंडकोषाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. दोन शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सोसून तो जानेवारीत परतला. मे 2023 मधल्या ज्या सामन्यात जिंकले असते तर जर्मन लीगचे अजिंक्यपद मिळणार होते, त्याच सामन्यात त्याची पेनल्टी अडवली गेली आणि अजिंक्यपद हुकले. पुढच्या वर्षी आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात आयव्हरी कोस्टचा विजयी गोल मात्र त्याचाच होता.

या कहाण्या आपल्याकडे पोहोचतात त्या जिद्दीच्या कहाण्या म्हणून, आणि त्यामागची यंत्रणा वाटेत गळून पडते. जर्मन कायद्याने व्यावसायिक फुटबॉलपटू हाही नोकरदारच आहे. मैदानावरची दुखापत हा कामावरचा अपघात, आणि त्याच्या उपचाराचा व पुनर्वसनाचा भार मालकांच्या वर्गणीवर चालणारा अपघात विमा उचलतो. बरे, हे फक्त ताऱ्यांपुरते नाही. आमच्या गोदामात माल लावणारा एक सहकारी रविवारी हौशी संघातून खेळताना असाच गुडघा मोडून बसला. पहिले सहा आठवडे त्याला मालकाकडून पूर्ण पगार मिळाला, नंतर आरोग्य विम्याकडून कपातीपूर्वीच्या पगाराच्या 70 टक्के रक्कम; एकाच आजारासाठी ही सोय एकूण 78 आठवड्यांपर्यंत चालते. कामावर परतला तोही आधी दिवसाचे दोन तास, मग चार, असा टप्प्याटप्प्याने. त्याच्या जिद्दीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, कारण तिची गरजच पडली नाही.

येथे सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. वेर्डर ब्रेमेन या फुटबॉल क्लबकडून खेळणाऱ्या इव्हान क्लास्निचच्या रक्ततपासणीत मूत्रपिंड बिघडत असल्याची चिन्हे दिसत होती, तरीही त्याला वेदनाशामके दिली जात राहिली. 2007 मध्ये आधी आईचे मूत्रपिंड बसवले, ते शरीराने नाकारले. मग वडिलांचे बसवले. तो पुन्हा खेळला, 2008 च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला, पण भरपाईसाठी त्याला दहा वर्षांहून अधिक काळ न्यायालयात झगडावे लागले. डॉक्टर खेळाडूचा की क्लबचा, हा प्रश्न श्रीमंत देशातही सुटलेला नाही. शिवाय सामान्य माणसाला येथे एमआरआयसाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते.

आपल्याकडे एमआरआय दुसऱ्या दिवशी होतो. माझा भाचा गेवराईकडे पोलीस भरतीच्या अकॅडमीत आहे. कबड्डी खेळताना त्याच्याही गुडघ्यातला एसीएल तुटला, तेव्हा तपासणी बीडला आणि शस्त्रक्रिया छत्रपती संभाजीनगरला झटपट उरकली, कापसाचे पैसे त्यात गेले. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर फिजिओथेरपीची एक ओळ होती, ती कागदावरच राहिली. एसीएलच्या दुखापतीची खरी गोम इथेच आहे. दुखणे दोन-तीन महिन्यांत थांबते, पण तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवलेला तंतू त्याच सुमारास सर्वांत कच्चा असतो. त्याला नव्याने रक्तपुरवठा होऊन तो मुरायला पुढचे कित्येक महिने जातात. नऊ महिन्यांच्या आत खेळू लागणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका म्हणूनच बराच जास्त असतो. माझ्या सहकाऱ्याच्या दोन्ही मांड्या फिजिओ दर भेटीत टेपने मोजत असे, एका पायावर उड्या मारायला लावत असे, आणि दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर येईपर्यंत चेंडूला पाय लावू देत नसे. भाच्याने तिसऱ्या महिन्यात नी-कॅप चढवली आणि 1600 मीटर पळायला सुरुवात केली. त्याला वेडा म्हणणे सोपे आहे. पण खुल्या प्रवर्गाला वयाची अट 28, जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही, ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी हुकली तर ते वर्ष गेले, आणि घरी बसलेल्या दिवसांचे पैसे देणारे कोणी नाही, अशा स्थितीत दुसरे कोणी काय केले असते? साबळेला वेळ मिळाला, कारण त्याच्यामागे लष्कराची नोकरी होती. बुमराहला मिळतो तो क्रिकेट मंडळाच्या करारामुळे. या दोघांना तो मिळतो याबद्दल बोटे मोडण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

जर्मनीसारखा विमा उद्या मराठवाड्यात येईल, असे मी म्हणत नाही. त्यासाठी पगारातून केवढी वर्गणी कापली जाते, ते मी दरमहा पाहतो. पण छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत संकुले आहेत. तेथे आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओ भरतीच्या मुलांसाठी राखून ठेवावा, आणि अकॅडम्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला फिजिओने लेखी परवानगी दिल्याशिवाय पळायला उभे करू नये, एवढे करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.